नमुना क्रमांक एकशे सतरा

त्या सकाळी मी चष्मा शोधायला गेलो नसतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं. चष्म्याशिवाय मला लांबचं दिसत नाही. जवळचं दिसतं असं माझं म्हणणं आहे, आणि तेही दिसत नाही असं बायकोचं. तर चष्मा शोधता शोधता माझं कोपर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलेल्या एका लहानशा बाटलीला लागलं आणि ती आडवी झाली. तिचं झाकण कुणीतरी नीट लावलं नव्हतं. (मीच.) त्या बाटलीत माझ्या नऊ वर्षांच्या मुलीची सकाळची पहिली लघवी होती.

लगेच नाक मुरडू नका. आमच्या घरात लघवी ओट्यावर ठेवायची पद्धत नाही. त्या दिवसापुरती ती तिथे होती, आणि त्याला सबळ कारण होतं.

मी शाळेत कारकून आहे. बावीस वर्षं झाली. आमच्या शाळेत डॉक्टरांचं एक पथक आलं होतं. मुलांच्या लघवीवरून त्यांच्या तब्येतीचा अभ्यास करायचा होता. मुलं दोनशे बारा, प्रत्येकाला एक बाटली, बाटलीवर नंबर, आणि नंबरासोबत एक फॉर्म. बाटल्या गोळा करायचं काम शिपायाकडे गेलं. फॉर्म माझ्याकडे आले. पथकाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "लघवी काय, आमचं मशीन बघेल. पण ती कोणत्या वयाच्या मुलाची आहे, कोणत्या घरातली आहे, हे तुम्ही नीट भरलं नाहीत तर ही दोनशे बारा बाटल्यांची नुसती पिवळी रांग होईल."

मला आयुष्यात इतकं महत्त्व कुणी दिलं नव्हतं. मी कामाला लागलो.

फॉर्मला रकाने चौदा. वय, मुलगा की मुलगी, इयत्ता, उंची, वजन, आईचं शिक्षण, वडिलांचा व्यवसाय, घरात माणसं किती, पिण्याचं पाणी कुठून येतं, जेवणात मीठ किती, वगैरे. पालकांनी तो घरून भरून पाठवायचा होता. वडिलांच्या व्यवसायापुढे एका आईने लिहिलं होतं, "बसतात." पिण्याचं पाणी कुठून, याला एका गृहस्थांचं उत्तर, "ग्लासातून." घरात माणसं किती, यावर एकांनी मलाच उलट विचारलं होतं, "सासूबाई धरून की सोडून?" मी एकेका घरी फोन केले, माणसांना वर्गाबाहेर गाठलं, दोघातिघांशी भांडलो. पण रकाना एकही रिकामा ठेवला नाही. रिकामा रकाना बघितला की मला भूक लागल्यासारखं होतं. तीन आठवड्यांनी माझा तक्ता तयार झाला. मुलगे एकशे आठ, मुली एकशे चार. शंभर टक्के. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठल्याच शाळेत असं झालं नाही.

त्या एकशे चार मुलींमधली एक माझी. इयत्ता चौथी. सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. तिचा नंबर एकशे सतरा.

आणि एकशे सतरा आता ओट्यावरून खाली ठिबकत होती.

बायको शेजारच्या खोलीत शिवणाच्या मशीनवर होती. ती घरी कपडे शिवते. मशीनचा आवाज चालू आहे तोवर मी सुरक्षित असतो, हे मला अनुभवाने माहीत आहे. मी हाताला लागलं ते फडकं घेतलं आणि ओटा पुसला. (ते फडकं कशाचं होतं हे मी नंतर सांगेन. किंवा नाहीच सांगणार.) मग दारात गेलो. भिंगरी बूट घालत होती.

"भिंगरे, परत एकदा येते का गं तुला?"

"काय?"

"तेच. सकाळचं."

"कशाला?"

"असंच."

"असंच कुणी करतं का, बाबा?" असं म्हणून ती पायऱ्या उतरून गेलीसुद्धा. मी हातात रिकामी बाटली घेऊन उभा.

आता माझी अवस्था समजून घ्या. पाऊण तासाने शिपाई बाटल्यांची पेटी बंद करणार होता. एकशे सतरा नाही म्हणजे मुली एकशे तीन. म्हणजे शंभर टक्के गेले. आणि तेही कुणामुळे, तर खुद्द कारकुनाच्या मुलीमुळे. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, वरिष्ठांपुढे हा आकडा दोनदा वाचून मोकळ्या झाल्या होत्या. बायकोला सांगावं तर आधी फडक्याचं सांगावं लागणार.

मी फॉर्म समोर घेतला आणि शांतपणे विचार केला. (इथेच चुकलं. मी शांतपणे विचार केला की हमखास चुकतो.) चौदा रकान्यांपैकी वय, लिंग, इयत्ता, उंची आणि वजन हे पाच सोडले तर बाकी नऊ रकाने माझे आणि तिचे एकसारखे होते. घर तेच. पाणी त्याच नळाचं. मीठ त्याच बरणीतलं. घरातली माणसं तीन, आणि तीही तीच. वडिलांचा व्यवसाय कारकून, आणि माझे वडीलही कारकूनच होते! आईचं शिक्षण तेवढं थोडं इकडेतिकडे होतं, पण ते लघवीत उतरत असेल असं मला वाटलं नाही. चौदात नऊ म्हणजे चौसष्ट टक्के. आमच्या शाळेत एवढ्यात पहिला वर्ग मिळतो.

मी बाटली घेऊन आत गेलो आणि भरून आणली. फेस जरा जास्त आला होता. घाईघाईत ओतलेल्या कुठल्याही गोष्टीला येतोच, असं मी मनाशी म्हटलं, झाकण या वेळी घट्ट लावलं आणि शाळेत गेलो. शिपायाने पेटी बंद केली. मुली एकशे चार.

दहा दिवसांनी मला मोठ्या बाईंच्या खोलीत बोलावणं आलं. डॉक्टरीणबाई आल्या होत्या. दोघींपुढचा चहा गार झालेला होता.

"बाकी मुलं ठीक आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणाला पाणी कमी पडतंय, कुणाला किरकोळ जंतुसंसर्ग. पण एक नमुना फार वाईट आहे. प्रोटीन भरमसाठ जातंय, थोडं रक्तही आहे. या वयात असं दिसलं की किडनीकडे ताबडतोब बघावं लागतं. जरा बघून सांगता का, एकशे सतरा कोण?"

मी रजिस्टर उघडलं. नंबरावरून एकदम ओळखायला मी काही देव नाही. बोट फिरवत गेलो आणि मोठ्याने वाचू लागलो, "एकशे सतरा. वय नऊ. मुलगी. इयत्ता चौथी. घरात माणसं तीन. वडिलांचा व्यवसाय..."

मोठ्या बाईंनी खुर्ची पुढे केली, नाहीतर मी जमिनीवरच बसलो असतो. माझी भिंगरी! पायात बूट घालून पायऱ्या उतरून जाणारी. मला समोरचं काही दिसेना, आणि या वेळी चष्मा डोळ्यांवर होता.

मग मला ती सकाळ आठवली, आणि माझा जीव भांड्यात पडला. ती भिंगरीची नव्हतीच! मी जवळजवळ हसलो. आणि तो भांड्यात पडलेला जीव तिथेच गार झाला. कारण ती भिंगरीची नव्हती म्हणजे माझी होती.

"धीर धरा," मोठ्या बाई म्हणाल्या. बावीस वर्षांत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. तो आज ठेवला.

अशा वेळी माणसाने काय करावं? सरळ सांगावं, "बाई, ती माझी आहे." वाक्य चारच शब्दांचं. पण खांद्यावर मुख्याध्यापिकेचा हात असताना ते म्हणून बघा. मला जमलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्या सकाळी पुन्हा एक नमुना घेऊ. मी सुटलो. उद्या भिंगरीची खरी लघवी जाईल, ती स्वच्छ निघेल, मशीनची चूक म्हणून सगळं मिटेल. आणि माझं काय, या प्रश्नाला मी मनातल्या मनात थोडं बाजूला बसवलं. कार्यालयात भेटायला आलेल्या पालकांना बसवतो तसं.

घरी पोचलो तर मोठ्या बाईंचा फोन माझ्या आधी पोचला होता. मशीन चालू होतं. सुई वरखाली होत होती आणि तिच्याखाली कापडच नव्हतं. बायको समोरच्या भिंतीकडे बघत पाय हलवत होती.

"अगं..."

"नऊ वर्षांची आहे हो ती," ती म्हणाली. "नऊ."

मी तेव्हा तरी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण दारावर टकटक झाली आणि पथकातली एक तरुण मुलगी आत आली. तिच्या हातात टॅब्लेट आणि टॅब्लेटमध्ये आणखी एक फॉर्म. मी तिला मनातल्या मनात प्रश्नावलीबाई असं नाव दिलं. भिंगरीला आतल्या खोलीत अभ्यासाला बसवलं आणि आम्ही तिघं टेबलाशी बसलो.

"आईबाबांनी दोघांनीही उत्तरं दिली तरी चालेल," प्रश्नावलीबाई म्हणाली. "मुलीला लघवी करताना फेस येतो का?"

"नाही बाई. म्हणजे मी काही बघितलेला नाही," बायको म्हणाली.

"येतो," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. "येतो," मी पुन्हा म्हणालो. "बराच."

"झोपेतून उठावं लागतं का? किती वेळा?"

"छे, ती एकदा आडवी झाली की..."

"चार वेळा," मी म्हणालो.

"पायांना सूज?"

मी टेबलाखाली माझ्या पायाकडे बघितलं. घरात शिरताच मोजा काढला होता, पण त्याच्या कडेचा चर अजून बोट बुडेल इतका खोल होता. मी तो नेहमीच बघायचो आणि मोज्याच्या इलॅस्टिकला शिव्या द्यायचो. "संध्याकाळी असते," मी म्हणालो.

"डोकं दुखतं?"

"मागच्या बाजूला. सकाळी."

प्रश्नावलीबाई भराभर टिपून घेत होती. एकेका प्रश्नाबरोबर माझं धाबं दणाणत चाललं होतं. बाजूला बसवलेला तो प्रश्न आता उठून माझ्या छातीवर येऊन बसला होता. हा फॉर्म जणू मला समोर ठेवूनच छापला होता. थकवा येतो? येतो. भूक कमी झाली? झाली. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा रकाना रिकामा जावा असं मला वाटत होतं, आणि एकही जात नव्हता.

प्रश्नावलीबाई गेल्यावर बायकोने टेबल आवरायला घेतलं. मग म्हणाली, "मला यातलं एकसुद्धा माहीत नव्हतं. दिवसभर मी घरात असते. तुम्ही बाहेर असता. आणि तुम्हाला सगळं माहीत. मी आई आहे की कोण आहे?" आणि ती रडायला लागली.

मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. मी म्हणालो, "अगं, तसं नाही ते." ती म्हणाली, "मग कसं आहे?" आणि मी चष्मा काढून पुसायला लागलो. डोकं मागून ठणकत होतं.

आमचं ठरलं होतं की भिंगरीला काही कळू द्यायचं नाही. त्यामुळे अर्थातच तिला सगळं कळलेलं होतं. दाराला कान लावून तिने बरंच काही ऐकलं होतं, आणि ऐकलेल्यातलं तिच्या लक्षात राहिलं होतं ते एवढंच, की लघवी वाईट निघाली तर दवाखान्यात सुई घालून किडनीचा तुकडा काढतात. तिने यावर आपल्यापुरता उपाय शोधला. लघवी करायचीच नाही.

सकाळी ती बाटली घेऊन आत गेली आणि रिकामी बाटली घेऊन बाहेर आली. "येत नाही." अर्ध्या तासाने पुन्हा. "येत नाही." तिने पाणी प्यायचं बंद केलं होतं. दुधाचा कप कुणाचं लक्ष नसताना बेसिनमध्ये रिकामा केला होता. एरवी पळत असते ती पोरगी खुर्चीच्या कडेवर पाय घट्ट आवळून बसली होती. ओठ पांढरे पडले होते. बायकोने पाठीवरून हात फिरवला, गयावया केली, रागावली. पोर ढिम्म हलली नाही. दहा वाजता आम्ही तिला घेऊन डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेलो. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती डोळे मिटत होती.

"काही नाही होणार, बाळा," मी तिला म्हणालो.

"तुला कसं माहीत?"

याचं माझ्याइतकं पक्कं उत्तर जगात कुणाकडे नव्हतं, आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो. हे लिहितानाही मला माझ्या थोबाडीत मारावीशी वाटते.

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीचं पोट दाबून बघितलं. ती कळवळली. "भरलंय सगळं. किती वेळ धरून ठेवलीयस तू? बेटा, असं चालणार नाही." मग आमच्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "आता नाही केली तर नळी घालून काढावी लागेल." आवाज कितीही हलका असला तरी भिंगरीला ऐकू जातोच. तिने माझ्याकडे बघितलं. रडली नाही. नुसती बघत राहिली.

"ती माझी आहे," मी म्हणालो.

"हो हो, तुमचीच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणूनच धीराने घ्यायचं."

"मुलगी नाही हो! म्हणजे मुलगीही माझीच आहे. पण लघवी. एकशे सतरामधली लघवी माझी आहे. हिची सांडली माझ्या हातून. मग मी माझी भरली. हिला काहीही झालेलं नाही. हिला सोडा."

आता आकाश कोसळणार म्हणून मी डोळे मिटले. काही कोसळलं नाही. डोळे उघडले तर डॉक्टरीणबाई माझ्याकडे अत्यंत मायेने बघत होत्या.

"मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पुष्कळ वडील असं काहीतरी बोलतात. पोरीला सुई टोचू नये म्हणून बापाचा जीव काय वाटेल ते कबूल करतो."

"अहो, पण खरंच..."

"काल प्रश्नावलीत तुम्हीच सांगितलंत ना सगळं? फेस, सूज, डोकेदुखी? इतकं बारीक लक्ष असलेला बाप मी बघितला नव्हता."

मी बायकोकडे वळलो. ती तरी मला ओळखते. लग्नाला बारा वर्षं झाली, मी काय काय सांडू शकतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत नाही. पण तिने डोळ्यांना पदर लावला होता आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी बारा वर्षांत एकदाही बघितली नव्हती. "असू द्या हो," ती म्हणाली. "मला कळतंय. इतकं नका लावून घेऊ."

खरं सांगतो, अर्धा क्षण मला त्या नजरेत राहावंसं वाटलं. उभ्या आयुष्यात मी सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट कबूल केली होती, आणि नेमकी तेव्हाच लोकांना मी थोर वाटायला लागलो होतो. पण भिंगरी खुर्चीच्या कडेवर पाय आवळून बसली होती.

टेबलावर तिच्यासाठी ठेवलेली रिकामी बाटली होती. मी ती उचलली, शेजारच्या शौचालयात गेलो, आणि परत येऊन ती डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली. फेस वरपर्यंत होता. "बघा," मी म्हणालो.

त्यांनी एक कागदी पट्टी काढली आणि माझं समाधान करायचं म्हणून बाटलीत बुडवली. बाहेर काढून धरली. पट्टीवरचा पिवळा चौकोन हिरवा झाला, मग गडद हिरवा. त्यांनी तो डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिला. मग रिपोर्ट काढला, एकशे सतराचा. मग माझ्याकडे पाहिलं. या वेळी माया वगैरे काही नव्हती. डॉक्टर पेशंटकडे बघतात तसं बघत होत्या.

भिंगरीने पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे मी जाऊ?"

"कुठे?"

"शूला!" आणि ती पळाली. एक बाटली पुरली नाही तिला. दुसरी मागून घेतली. तिची पट्टी पिवळी ती पिवळीच राहिली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. त्या नऊ सारख्या रकान्यांचं काय झालं ते सगळ्यांना दिसत होतं.

मला आत नेऊन दंडाला पट्टा बांधला. ब्लडप्रेशरचा वरचा आकडा एकशे ऐंशी. "तुम्हाला डोकेदुखी वगैरे..." डॉक्टरीणबाईंनी सुरुवात केली. मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "मागच्या बाजूला. सकाळी दुखतं. झोपेतून चारदा उठतात. पायाला संध्याकाळी सूज असते. भूक कमी झालीय. थकवा असतो. लघवीला फेस येतो, बराच." काल मी दिलेली सगळी उत्तरं तिने ओळीने, एकही न चुकता म्हणून दाखवली.

"कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"त्यांना विचारा," बायको म्हणाली. "मला काल कळलं. तेही मुलीचं म्हणून."

घरी आल्यावर ती आधी स्वयंपाकघरात गेली. "कुठल्या फडक्याने पुसलंत?"

मी दाखवलं. ते ताटं पुसायचं होतं.

"आणि मग?"

"धुतलं."

"कशाने?"

"पाण्याने."

तिने घरातली सगळी फडकी गोळा करून टाकून दिली. मग ओटा घासायला घेतला. दोन दिवस ती ओटा घासत होती. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी बघितलं तर घासणी हातात तशीच होती आणि ती ओट्यावर डोकं टेकून उभी होती. मी जवळ गेलो. "मूर्ख माणूस," ती म्हणाली. मी म्हणालो, "हो." तिथेच तिने माझ्या शर्टाला तोंड पुसलं. घरात तेवढंच एक फडकं उरलं होतं.

शाळेत मोठ्या बाईंनी मला बोलावलं, पण ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "तब्येतीला जपा," एवढंच म्हणाल्या. कारकुनाला साहेब तब्येतीला जपा म्हणतात तेव्हा कारकुनाने काय ते समजावं. डॉक्टरीणबाईंनी माझा तक्ता परत पाठवला होता, दुरुस्तीसाठी. मुली एकशे तीन. भिंगरीचा खरा नमुना मुदतीनंतरचा म्हणून धरता येत नव्हता. खाली नवी ओळ होती, वगळलेला नमुना एक, कारण, आणि पुढे मोकळी जागा. मी सकाळपासून मधल्या सुट्टीपर्यंत पेन हातात घेऊन बसलो. आणि ती जागा तशीच ठेवून कागद परत पाठवला.

पुढचं सगळं मोठ्या दवाखान्यात झालं. ती सुई, जिला भिंगरी घाबरली होती, ती माझ्या पाठीत गेली. (ती घाबरली होती ते बरोबरच होतं.) तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या मिळून पस्तीस टक्के काम करतायत. काठावर पास. गोळ्या, मीठ बंद, दर महिन्याला तपासणी. "आणि पुढे?" बायकोने विचारलं. ते म्हणाले, पुढचं पुढे बघू. शाळेत काठावरच्या मुलांच्या पालकांना मी नेमकं हेच सांगतो. त्यामुळे मला अर्थ कळला. बायकोलाही कळला असावा, कारण तिने पुन्हा विचारलं नाही.

परवा पहिली मासिक तपासणी होती. भिंगरीला सुट्टी होती म्हणून तीही आली. लघवी द्यायला पुरुषांची लांब रांग, प्रत्येकाच्या हातात बाटली, आणि शौचालय एकच. बायको कागदपत्रं घेऊन खिडकीशी गेली. जाताना भिंगरीला सांगून गेली, "दाराशी उभी राहा. बाबांवर लक्ष ठेव." माझ्यावर आता घरात या बाबतीत कुणाचा विश्वास उरलेला नाही.

मी आत जाऊन कडी लावायला गेलो, तर कडी तुटलेली. एका हाताने दार धरलं, एका हातात बाटली. मनात एकच विचार, आज पस्तीसचे किती झाले असतील. बत्तीस? तीस? आणि काही केल्या होईना. बाहेर रांग खोकत होती.

"बाबा, झाली?"

"नाही गं."

मग दाराच्या फटीशी तोंड आणून भिंगरी अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी देऊ का माझी? चांगली आहे माझी. आईला नाही सांगणार."

माझे डोळे भरून आले. आणि खोटं कशाला सांगू, मी ती बाटली फटीतून बाहेर काढलीसुद्धा. फक्त एकदा, एवढाच एक कागद चांगला यावा, घरी जाऊन तो बायकोला दाखवावा, एवढंच मला हवं होतं.

बाटली कुणीतरी घेतली. घेणारा हात नऊ वर्षांचा नव्हता. त्याच्या बोटाला सुया टोचून टोचून घट्टे पडलेले होते.

"आत घ्या ती," बायको म्हणाली. तिने बाटली फटीतून पुन्हा माझ्या हातात दिली, दार बाहेरून घट्ट ओढून धरलं, आणि भिंगरी तान्ही असताना तिला पायांवर धरून जसं करायची, तसं सगळ्या रांगेसमोर सुरू केलं, "शूऽऽऽ... शूऽऽऽ..."

सांगायला लाज वाटते, पण झाली.

बाहेर रांगेतल्या एका आजोबांनी कौतुकाने विचारलं, "किती वर्षांचा आहे हो मुलगा?"

"एकेचाळीस," बायको म्हणाली.